लायसन्स मिळालंय, घरासाठी पहिलं शस्त्र कोणतं घेऊ: रिव्हॉल्व्हर की पिस्तूल?

आधी प्रश्न काय होता ते थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही उत्तराचा संदर्भ लागेल. विचारणारे दादा घोडबंदर रोडला टॉवरमध्ये सातव्या मजल्यावर राहतात, जांभळी नाक्याजवळ सोन्याचं दुकान आहे, दुकान बंद करून घरी येताना दोनदा बाईकवाल्यांनी पाठलाग केला आणि नंतर धमकीचे फोन आले. पोलिसांत तक्रार दिली, त्या आधारावर अर्ज केला आणि ठाणे आयुक्तालयातून लायसन्स मिळालं. घरात बायको, नऊ आणि चार वर्षांची दोन मुलं आणि आई. डीलर म्हणतोय पिस्तूल घ्या, मेहुणा म्हणतोय ओळखीतल्या एकाकडे जुनं इंपोर्टेड वेब्ली (ब्रिटिश कंपनीचं रिव्हॉल्व्हर) आहे ते घे, आणि यूट्यूबवर जो तो ९ एमएम घ्या म्हणतोय. तर घ्यायचं काय?

माझं उत्तर आधीच देऊन टाकतो. नवीन, स्टीलचं, .३२ बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप) रिव्हॉल्व्हर, आणि ते दुकानातून उचलायच्या आधी घरात भिंतीला बोल्ट केलेला छोटा सेफ. मी पोलीस शस्त्रागारात आर्मोरर, म्हणजे शस्त्रं तपासणारा-दुरुस्त करणारा होतो, आता रिटायर झाल्यावर नवीन लायसन्सवाल्यांना हाताळणी शिकवतो, शस्त्र विकण्याशी माझा काही संबंध नाही. दुरुस्तीला आणि तपासणीला जी शस्त्रं टेबलावर आली, आणि शिकायला आलेल्या माणसांचे हात जसे चालताना बघितले, त्यावरून हे बोलतोय.

९ एमएमचा विषय आधी संपवू. ते अमेरिकेतले व्हिडिओ असतात, आपल्याकडे ९ एमएम पॅराबेलम हे प्रोहिबिटेड बोअर आहे, म्हणजे तुमच्या साध्या लायसन्सवर ते येतच नाही आणि कोणी "करून देतो" म्हणाला तर तिथून सरळ निघून या. तीच गोष्ट गावठी कट्ट्याची, कुठल्याही रूपात, कितीही स्वस्त असला तरी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आर्म्स अ‍ॅक्टमध्ये साधं शस्त्र विनालायसन्स बाळगलं तरी किमान २ वर्षं ते ५ वर्षं शिक्षा आहे आणि प्रोहिबिटेड असेल तर किमान ७ वर्षं. शिवाय कट्टा म्हणजे कुठल्यातरी पाईपची नळी असते हो, ती पुढे उडेल की तुमच्या हातात फुटेल हे बनवणाऱ्यालाही माहीत नसतं.

मग राहतं काय, तर .३२ रिव्हॉल्व्हर, .३२ पिस्तूल आणि .२२. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या कारण नवीन माणसाची इथेच गल्लत होते. रिव्हॉल्व्हरचं .३२ आणि पिस्तुलाचं .३२ ही दोन वेगळी काडतुसं आहेत. रिव्हॉल्व्हरचं लांब असतं, ३२ एस अँड डब्ल्यू लाँग, मागे जाड कडा असते. पिस्तुलाचं आखूड, ३२ एसीपी. आखूड काडतूस काही रिव्हॉल्व्हरच्या घरात, म्हणजे सिलिंडरमधल्या काडतुसाच्या जागेत, शिरतं आणि मग लोक म्हणतात चालतंय की, पण ते त्यासाठी बनवलेलंच नाही, ढिलं बसतं, प्रेशर वेगळं असतं, असले प्रयोग घरात नकोत. काउंटरवर पाकीट घेताना पाकिटावरचं नाव तर वाचाच, पण काडतुसाच्या बुडाचा शिक्काही बघा, आपल्या खडकीच्या फॅक्टरीतल्या मालावर केएफ असतं.

ताकदीचं म्हणाल तर रिव्हॉल्व्हरची साधारण सव्वासहा ग्रॅमची शिशाची गोळी सेकंदाला दोनशे मीटरच्या थोडी वर जाते, पिस्तुलाची साडेचार ग्रॅमच्या आसपासची गोळी त्यापेक्षा जोरात. दोन्हींची एनर्जी ९ एमएमच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढी. म्हणून ".३२ ने काय होतंय" असं म्हणणारे भेटतात. माझं म्हणणं असं की तुमच्या हॉलच्या टोकापासून बेडरूमच्या दारापर्यंत अंतर किती, सात-आठ मीटर, त्या अंतरावर नीट जागी लागलेली .३२ ची गोळी जीवघेणी असते आणि न लागलेली कुठल्याही बोअरची गोळी शेजाऱ्याच्या घरात जाते. त्यामुळे बोअरवर रात्र रात्र वाद घालू नका, बोअर कायद्याने ठरवून दिलंय, तुमच्या हातात आहे ते शस्त्राचा प्रकार आणि सराव.

आता मुख्य मुद्दा, रिव्हॉल्व्हर का.

पिस्तूल वाईट नाही. चपटं असतं, गोळ्या जास्त बसतात, चाप हलका असतो, रोज सराव करणाऱ्या माणसाच्या हातात ते उत्तमच. पण तुम्ही रोज सराव करणार नाही आहात, दादा. दुकान आहे, मुलं आहेत, वर्षाला मिळणारी काडतुसं लायसन्सवर लिहिलेली असतात तेवढीच. आणि पिस्तुलाला काय काय लागतं बघा: मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी, पूर्ण आत बसलेलं पाहिजे, स्लाइड, म्हणजे वरचा सरकणारा भाग, पूर्ण मागे ओढून सोडावी लागते, अर्धवट ओढली तर गोळी अडकते, सेफ्टी खाली करायची, आणि गोळी फुटली नाही तर परत स्लाइड ओढून ती बाहेर टाकून पुढची घ्यायची. दिवसा टेबलावर हे कोणीही करतो. रात्री तीनला, झोपेतून उठून, हात घामेजलेले, चार वर्षांचं पोर रडतंय, तेव्हा बोटं ऐकत नाहीत. शिकवताना मी नुसती जोरात थाळी आपटतो आणि स्टॉपवॉच लावतो, तेवढ्यात चांगली धडधाकट माणसं सेफ्टी तशीच ठेवून चाप ओढत बसतात.

त्याहून मोठं कारण वेगळंच आहे. पिस्तूल रिकामं करताना लोक मॅगझिन काढतात आणि समजतात झालं रिकामं. नाही. एक गोळी नळीच्या मागे चेंबरमध्ये बसलेली असते, ती मॅगझिनबरोबर येत नाही, ती स्लाइड ओढल्यावरच बाहेर पडते. "रिकामं होतं" म्हणत सुटलेल्या गोळीच्या प्रकरणात मी शस्त्र हातात घेतलं की पहिला प्रश्न हाच विचारायचो, आधी मॅगझिन काढलं की आधी स्लाइड ओढली. क्रम उलटा झाला, म्हणजे आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझिन काढलं, तर मॅगझिनमधली पुढची गोळी चेंबरमध्ये जाऊन बसते आणि हातातलं पिस्तूल भरलेलं राहतं. रिव्हॉल्व्हरमध्ये हा घोळच नाही. उघडलं की सहाच्या सहा घरं डोळ्यासमोर, भरलेलं की रिकामं हे अंधारात बोट फिरवूनही कळतं. गोळी फुटली नाही तर काही करायचं नाही, परत चाप ओढायचा, सिलिंडर फिरतो आणि पुढची समोर येते. आणि वर्षभर सेफमध्ये पडून राहिलं तरी मॅगझिनची स्प्रिंग, स्लाइडचं तेल असली काळजी कमी.

रिव्हॉल्व्हरचा चाप जड असतो, ही तक्रार बरोबर आहे, घोडा न चढवता थेट ओढायचा म्हणजे बोटाला चांगलंच जाणवतं. घरासाठी मला ते चांगलंच वाटतं, घाबरलेलं बोट चुकून आकसलं तरी लगेच गोळी सुटत नाही. फक्त एक शपथ घ्या की घरात घोडा हाताने मागे चढवायचा नाही. चढवला की चाप एकदम हलका होतो, आणि मग समोर चोर नसून पाणी प्यायला उठलेली आई आहे असं दिसलं तर तो भरलेल्या काडतुसावर थरथरत्या अंगठ्याने परत खाली उतरवायचा असतो. ते काम मी उजेडात, शांतपणे, रेंजवरसुद्धा नवीन माणसाला करू देत नाही.

कुठलं रिव्हॉल्व्हर म्हणाल तर पूर्वी ऑर्डनन्स फॅक्टरी म्हणायचो, २०२१ मध्ये तिच्या सात कंपन्या झाल्या, त्यातली शस्त्रं बनवणारी कानपूरची एडब्ल्यूईआयएल. त्यांचं जुनं .३२, ते मध्यावर मोडून उघडतं, वेब्लीच्या वळणाचं. २०१४ ला आलेलं निर्भीक टायटॅनियम अलॉयचं, साधारण अर्धा किलो वजनाचं. २०२३ ला आलेलं प्रबळ, सिलिंडर बाजूला उघडणारं, वजन ७०० ग्रॅमच्या आसपास. वेब्ली अँड स्कॉट कंपनी स्वतः २०२० पासून उत्तर प्रदेशात संडीलाला .३२ बनवायला लागली. निर्भीकबद्दल सगळे विचारतात कारण हलकं. पण हलकेपणा कशासाठी, कमरेला लावून दिवसभर फिरायला. घरात सेफमध्ये राहणारं शस्त्र हलकं असून उपयोग नाही, उलट हलकं शस्त्र हातात जास्त उसळतं आणि दुसरी गोळी जागेवर जात नाही, पहिल्या दोन-चार फायरमध्ये हाताला झटका बसला की माणूस चाप ओढताना डोळे मिटायला लागतो, आणि ती सवय मोडायला फार वेळ जातो. तुमचा प्रवास दुकान ते घर असाही आहे हे मला कळतं, तरीही पहिलं शस्त्र वजनदारच घ्या. तुमच्या जागी मी बाजूला उघडणारं घेईन, भरायला-रिकामं करायला सोपं. मधून मोडणाऱ्याचं बिजागर आणि वरचा लॅच वर्षानुवर्षं वापरून ढिला होतो.

.२२ चं निडर रिव्हॉल्व्हर सरावाला गोड आहे, पण त्याचं काडतूस रिमफायर, म्हणजे बुडाच्या कडेवर ठोका बसून फुटणारं, ते न फुटण्याचं प्रमाण जास्त, म्हणून घराच्या संरक्षणासाठी एकच शस्त्र घ्यायचं असेल तर ते नको. "५० मीटर रेंज" वगैरे जाहिरातीतल्या आकड्यांकडे लक्षच देऊ नका, तुम्हाला ५० मीटरवर काही मारायचं नाहीये.

मेहुण्याचं वेब्ली. वैयक्तिक इंपोर्ट ऐंशीच्या दशकापासून बंद झाली, त्यामुळे जुनी विलायती शस्त्रं हातोहात फिरतात आणि नावावर किंमत चढत जाते. काही खरोखर सुंदर असतात, मला स्वतःला ती उघडून बघायला फार आवडतात. पण पहिलं शस्त्र म्हणून, दोन लहान मुलांच्या घरात, माझा विरोध आहे. जुन्या रिव्हॉल्व्हरच्या बऱ्याच डिझाइनमध्ये, किंवा चांगल्या डिझाइनमध्येही आतला भाग झिजल्यावर, घोड्याचं टोक काडतुसाच्या कॅपवर (बुडाचा ठोका बसून पेटणारा भाग) टेकलेलं राहतं आणि शस्त्र घोड्यावर पडलं तर गोळी सुटू शकते. अभिनेता गोविंदा यांची बातमी आठवत असेल, १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे जुहूच्या घरी लायसन्सचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना हातातून पडलं आणि गोळी पायात लागली असं सांगितलं गेलं. सुदैवाने पायातच. नवीन शस्त्र घेतानाही डीलरला स्पष्ट विचारा, चाप पूर्ण ओढल्याशिवाय घोडा कॅपपर्यंत पोचू नये म्हणून आत ट्रान्सफर बार किंवा हॅमर ब्लॉक आहे का, आणि "असतं हो सगळ्यात" एवढ्यावर ऐकून घेऊ नका, कंपनीच्या माहितीपत्रकात दाखवायला सांगा.

तरीही जुनं बघायला गेलात, किंवा नवंसुद्धा, तर काउंटरवर हे करा. आधी डीलरला विचारून, उघडून, सहा घरं रिकामी आहेत हे स्वतः बघून आणि त्यालाही दाखवून. नळीच्या मागे पांढरा कागद धरा आणि समोरून आत बघा, आतल्या खाचा तीक्ष्ण दिसल्या पाहिजेत, काळे खड्डे दिसले किंवा मध्येच गोल कडं, म्हणजे फुगलेली नळी, दिसलं तर सोडून द्या. मग बंद करून नळी जमिनीकडे ठेवून घोडा अगदी हळू मागे चढवा, दुसऱ्या हाताचं बोट सिलिंडरला हलकं घासत ठेवा, घोडा पूर्ण मागे जाईपर्यंत सिलिंडर खट् करून जागेवर लॉक झाला पाहिजे. न होता थोडा अलीकडे राहिला तर गोळी नळीत सरळ न जाता कडेला घासते आणि शिशाचे कण बाजूला उडतात, शेजारी उभ्या माणसाच्या डोळ्यात. हे सहाही घरांना करायचं, एका घराला नीट असतं आणि चौथ्याला नसतं. नंतर चाप दाबून धरून सिलिंडर हलवून बघा, पुसटसा खेळ चालतो, खडखड नको. शेवटी चढवलेल्या घोड्याला अंगठ्याने मागून हलका दाब द्या, तो निसटून खाली आला तर ते शस्त्र माझ्या नजरेत भंगार. ज्या डीलरला ही तपासणी नको असते त्याच्याकडून घेऊ नका.

हाताला बसतंय का हेही तिथेच बघायचं. मूठ उंच पकडल्यावर तर्जनीच्या पहिल्या पेराचा मऊ भाग चापावर यायला हवा आणि त्यासाठी मनगट वळवावं लागायला नको. बोट पोचत नसेल तर पातळ ग्रिप लावता येते, बोट फारच आत जात असेल तर जाड. फॅन्सी लाकडी ग्रिप घामाने निसटते, रबरी बरी.

आता तुमच्या घराबद्दल, आणि इथे मला सगळ्यात जास्त सांगायचंय. घोडबंदरच्या नव्या टॉवरमध्ये बऱ्याच ठिकाणी माइवान पद्धतीच्या भिंती आहेत, म्हणजे वीट नाही, सगळं काँक्रीट. काँक्रीटवर तिरकी लागलेली गोळी थांबत नाही, दिशा बदलून खोलीतच फिरते किंवा तिचे तुकडे उडतात. वाशी-सानपाड्याच्या जुन्या सिडकोच्या घरात वीट आहे, तिथे प्रश्न वेगळा. आणि दोन्हीकडे बेडरूमची दारं म्हणजे पोकळ किंवा पातळ फ्लश डोअर, फर्निचरवाल्याने केलेलं जिप्समचं पार्टिशन, यातून .३२ ची गोळी आरपार जाते असंच धरून चाला. स्लायडिंग खिडकीच्या काचेतून गेलेली गोळी समोरच्या विंगमध्ये जाते. म्हणून शस्त्र आणायच्या आधी एक संध्याकाळ द्या. तुम्ही रात्री जिथे उभे राहाल तिथे उभे राहून बघा की समोर कोणाचं काय आहे. मुलांच्या खोलीच्या दिशेला कधीच नाही. आई झोपते त्या हॉलच्या दिवाणाच्या दिशेला नाही. मेन डोअरच्या दिशेला? दाराबाहेर लिफ्टची लॉबी आहे आणि समोर शेजाऱ्याचं दार. हे सगळं वगळल्यावर तुमच्या घरात बहुतेक एकच दिशा राहील, ती लक्षात ठेवा आणि तिच्याबाहेर गोळी नाही.

त्यातूनच पुढचं ठरतं. खोल्या-खोल्यांतून चोर शोधत फिरायचं नाही. सगळ्यांनी एका खोलीत यायचं, आईलाही त्या खोलीजवळ झोपायला आणा, दार लावायचं, बायकोने ११२ लावायचा, पत्ता विंग आणि फ्लॅटसकट सांगायचा, इंटरकॉमवर वॉचमनला कळवायचं, आणि तुम्ही दाराकडे तोंड करून बेडच्या आड. जो दार तोडून आत येतो तो आणि तोच तुमचा प्रश्न. बाहेर हॉलमधला टीव्ही नेला तर नेऊ दे. टॉर्च वेगळी, हातात, शस्त्राला बांधलेली नको, कारण आवाज कसला ते बघायला टॉर्च वळवाल आणि त्याबरोबर नळीही घरच्या माणसावर वळेल. आणि खरं सांगू, आधी चांगलं सेफ्टी डोअर, आतून आडणा, मॅजिक आय ऐवजी कॅमेऱ्याची बेल, डक्टकडच्या खिडकीला ग्रिल, हे तुमच्या रिव्हॉल्व्हरपेक्षा जास्त वेळा कामाला येणार आहे, त्यावर आधी खर्च करा.

सेफ. लाकडी कपाटातलं लॉकर चालणार नाही, ते कपाटासकट नेता येतं. स्टीलचा छोटा सेफ, काँक्रीटच्या भिंतीला आतून अँकर बोल्टने, तुमच्या बेडरूममध्ये, मोठ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर. नंबरचं कुलूप घ्या, फिंगरप्रिंटवाले घामाच्या हाताला दगा देतात, आणि कोड म्हणजे मुलांचा वाढदिवस नको, नऊ वर्षांच्या मुलाला तो पहिल्यांदा सुचतो. अर्जाबरोबर तुम्ही सुरक्षित ठेवण्याची हमी लिहून दिलेली आहे हे विसरू नका. भरलेलं ठेवावं की रिकामं यावर मतं वेगळी आहेत, मी तुमच्यासारख्या घराला सांगतो रिकामं, काडतुसं त्याच सेफच्या आत वेगळ्या डबीत. रिव्हॉल्व्हर भरायला सराव असेल तर काही सेकंद लागतात, तुम्ही बंद दाराआड आहात, तेवढा वेळ आहे. उशीखाली, गादीखाली, गाडीच्या डॅशबोर्डमध्ये, दुकानाच्या गल्ल्यात, कधीही नाही.

आणि ठाण्यात घरफोड्या जास्त होतात त्या बंद घरात. मे महिन्यात गावाला, गणपतीला कोकणात, घर पाच-सात दिवस बंद, आणि आत शस्त्र. चोराला सोन्यापेक्षा मोठी वस्तू तुम्ही ठेवून गेलात. सेफ कस्टडीचं लायसन्स असलेल्या डीलरकडे जमा करून पावती घेऊन जा, परत आल्यावर घेऊन या. कंटाळा करू नका. हरवलं किंवा चोरीला गेलं तर त्याच क्षणी पोलीस स्टेशन, उद्या बघू नाही.

आपल्या हवेचं पण सांगतो. खाडी, पाऊस, जून ते सप्टेंबर सेफच्या आतसुद्धा दमट. शस्त्र लेदरच्या होल्स्टरमध्ये घालून ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं आणि जिथे जिथे टेकतं तिथे नळीवर तांबूस ठिपके येतात, दिवाळीला उघडून बघाल तर होल्स्टरच्या शिलाईची नक्षी लोखंडावर उमटलेली असेल. सुती कपड्यात, हलका तेलाचा हात, सिलिका जेलच्या पुड्या आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी उघडून पुसणं. तेल हलकंच, ओतायचं नाही, आणि काडतुसांना तेलाचा हात अजिबात लावू नका, ते कॅपच्या कडेने आत शिरलं की गोळी फुटत नाही. घरात ठेवलेली काडतुसं वर्षाला सरावात उडवून टाका आणि नवीन आणा.

सराव. अर्जाच्या वेळी जे ट्रेनिंग झालं ते सुरुवात समजा. घरी रोज पाच मिनिटं रिकाम्या शस्त्राने, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, स्नॅप कॅप (सरावाची नकली काडतुसं) घालून, ठरवलेल्या सुरक्षित दिशेला काँक्रीटच्या भिंतीकडे, मुलं झोपल्यावर किंवा शाळेत असताना. नळीवर रुपयाचं नाणं ठेवा आणि ते न पाडता चाप ओढा, नाणं पडणं बंद झालं की समजा हात जमला. महिन्यातून काही वेळा १० मीटरच्या एअर पिस्तूल रेंजवर जा, ठाण्यात नवी मुंबईत अशा रेंजेस आहेत, निशाण्याची आणि चापाची सवय तिथे स्वस्तात होते. प्रत्यक्ष गोळीचा सराव फक्त अधिकृत रेंजवर, येऊरच्या जंगलात किंवा मुरबाडच्या फार्महाऊसवर मित्रांबरोबर "एक-दोन उडवून बघू" हा गुन्हा आहे. लग्नात, वाढदिवसाला हवेत फायर केलं तर २०१९ नंतर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

कायद्याचं थोडं बोलतो, मी वकील नाही, पण हे प्रत्येक लायसन्सवाल्याने वाचलंच पाहिजे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, स्वसंरक्षणाची कलमं ३४ ते ४४. कलम ४१ मध्ये रात्रीची, म्हणजे सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधीची घरफोडी आणि जबरी चोरी यात मालमत्तेच्या रक्षणासाठी जीव जाण्यापर्यंत हक्क पोचतो असं लिहिलंय, आणि लोक तेवढंच वाचून खूश होतात. पण ४१ ला ३७ ची मर्यादा आहे: बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करायची नाही. पळत सुटलेल्या चोराच्या पाठीत गोळी म्हणजे संरक्षण नाही. पाईपवरून उतरणाऱ्यावर नाही. पार्किंगमधल्या भांडणात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, रस्त्यावर गाडी घासली म्हणून नुसतं दाखवणंसुद्धा नाही, त्याने लायसन्सही जातं आणि गुन्हाही दाखल होतो. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१० च्या निकालात सुप्रीम कोर्टाने स्वसंरक्षणाची तत्त्वं एकत्र मांडली आहेत, घाबरलेल्या माणसाने किती जोर वापरला हे सोनाराच्या काट्यावर तोलायचं नाही हेही आहे आणि हा हक्क बदला घेण्यासाठी नाही हेही आहे. दोन्ही बाजू वाचा. घाबरवायला छताकडे किंवा हवेत फायर करायचा विचार डोक्यातून काढून टाका, वर स्लॅब आहे, आणि त्याच्यावर कोणाचं तरी घर आहे.

फायर झालंच तर शस्त्र खाली ठेवा, ११२ ला कळवा, समोरच्यासाठी १०८ ची अँब्युलन्स तुम्हीच बोलवा, पुंगळ्या उचलू नका, काही पुसू नका. पोलीस शस्त्र ताब्यात घेतील, गुन्हा नोंद होईल, चौकशी लांबेल, आणि ते तुम्ही बरोबर असलात तरी होणार आहे. वकिलाचा नंबर आजच फोनमध्ये ठेवा.

कागदपत्रांचं: लायसन्सवर खरेदीची मुदत, एरिया व्हॅलिडिटी आणि काडतुसांची संख्या, एका वेळी किती आणि वर्षाला किती, तिन्ही वाचा. ठाण्याचं लायसन्स घेऊन हद्द ओलांडून मुंबईत शस्त्र नेता येतं की नाही हे त्या एरियाच्या रकान्यावर ठरतं. खरेदी झाली की पावती आणि शस्त्र दाखवून नंबर लायसन्सवर चढवून घ्या, यूआयएन, म्हणजे लायसन्सधारकाचा ओळख क्रमांक, बरोबर आहे ना बघा. निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि जमा करायची नोटीस आली तर वेळेत जमा करा आणि पावती जपून ठेवा. मुदत ५ वर्षांची असते, रिन्यूअलचा अर्ज संपायच्या दोन-तीन महिने आधी टाका, मुदत संपलेल्या लायसन्सवर शस्त्र घरात म्हणजे विनालायसन्सच.

तुम्ही शेवटी विचारलंत बायकोला शिकवू का. लायसन्स तुमच्या एकट्याच्या नावावर आहे, त्यामुळे शस्त्र तिच्या ताब्यात देऊन दुकानाला जाता येणार नाही आणि सेफचा कोडही तुमच्याकडेच राहील. पण तिला एअर पिस्तूल रेंजवर नक्की न्या, कोचसमोर सुरक्षेचे नियम शिकू द्या, आणि रात्रीचा सगळा क्रम, कोण मुलांना आणणार, कोण आईंना उठवणार, कोण फोन लावणार, हा दोघांनी मिळून चालून बघा, लाईट बंद करून. मोठ्या मुलाला घरात शस्त्र आहे हे लपवू नका, त्याला ते कळतंच. सरळ बसवून सांगा की दिसलं तर हात लावायचा नाही, खोलीतून बाहेर यायचं, आम्हाला सांगायचं, मित्राच्या घरी दिसलं तरी हेच. आणि आठ दिवसांनी त्याला परत विचारा काय करायचं असतं म्हणून. धाकट्याला अजून समजणार नाही, त्याच्यासाठी सेफच, म्हणून सेफ लागल्याशिवाय डीलरकडून शस्त्र उचलू नका. दुकानात जायच्या आधी प्रबळ आणि वेब्लीचं नवीन असं दोन्ही हातात धरून बघा, आणि घराचा साधा नकाशा काढून पाठवलात तर उभं कुठे राहायचं तेही सांगतो.